अर्धवट उभा राहिलेला माइक

खोटं वाटेल तुम्हाला. वाटू द्या. नागनाथ माझा मावसभाऊ आहे, आणि चेष्टेतही त्याला धड थाप मारता येत नाही.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट, ताडकळसची. बाजाराचा दिवस. सगळी गल्ली बाजाराला गेलेली. दिवेलागण झाली तरी नागनाथच्या घरात उजेड होता तो फक्त लॅपटॉपचा.

परभणीच्या एका कंपनीचं काम तो घरूनच करतो. त्याला वाढवलं सरजाआत्यानं. ती श्रावणात गेली. तेव्हापासून चूल थंड, आणि दिवसभरात हाक मारणारं कुणी नाही.

त्या दिवशी व्हर्च्युअल माइकच्या ड्रायव्हरमधली, म्हणजे तो माइक संगणकात चालवणाऱ्या प्रोग्राममधली, एक चूक त्याच्याकडे दुरुस्तीला आली होती. हा माइक म्हणजे वायर नाही, डबी नाही. फक्त संगणकाला वाटतं की माइक आहे. तो उभा करताना मध्येच काही बिघडलं, तर तोवर उभं केलेलं सगळं मोडून 'जमलं नाही' असं कळवायचं असतं. हा कोड मात्र काम अर्धवट सोडून खुशाल 'जमलं' म्हणायचा. मग संगणकातल्या माइकच्या यादीत एक अर्धवट माइक अडकून राहायचा.

नागनाथनं मुद्दाम बिघाड घडवून पाहिला. अर्धवट माइक यादीत आला.

त्यातून काहीच ऐकू यायला नको होतं. आवाज येणार तरी कुठून?

पण पडद्यावरची आवाजाची पट्टी हलली...

त्यानं हेडफोन लावला.

थप... थप... थप...

कुणीतरी भाकरी थापत होतं. मध्येच थांबून दम खात होतं. दम्यामुळं आत्याला तसंच थांबावं लागायचं.

त्यानं वळून स्वयंपाकघरात पाहिलं. अंधार. परात पालथी.

"नागू... जेवलास का रं?"

भीतीच्या आधी त्याला रडूच आलं. कितीतरी महिन्यांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

"न्हाई गं आत्या," तो म्हणाला.

थप... थप...

तेवढ्यात फोन वाजला. प्रियांका, त्याची कामावरची वरिष्ठ.

"नागनाथ, झालं का? त्या माइकनं लोकांचे कॉम्प्युटर बंद पडायलेत. आत्ताच पाठव."

दुरुस्ती चार ओळींची. पण ती केली की हा माइक जाणार, आणि त्यातला आवाजही. कीबोर्डवर बोटं ठेवून तो नुसता ऐकत बसला. लय एकटं वाटलं, असं तो मला म्हणाला.

शेवटी त्यानं त्या ओळी लिहिल्या. पण कळ दाबायच्या आधी राहवेना.

"आत्या, हे बंद करायलोय मी."

थापणं थांबलं...

"बरं," आवाज आला. "येते मी."

त्यानं कळ दाबली. नव्या ड्रायव्हरनं 'जमलं नाही' असं नीट कळवलं. यादी रिकामी झाली.

निघताना आपल्यात 'जाते' कुणी म्हणत नाही, 'येते'च म्हणतात. नागनाथ स्वतःला हेच समजावतो. पण रोज दिवेलागणीला तो दाराशी जाऊन उभा राहतो, आणि कडी लावावी की काढून ठेवावी, हे त्याचं अजून ठरत नाही.