किती वॅट, किती वाट

भरदुपारी जालन्यातल्या मस्तगडच्या रस्त्यात वरात अडकली होती आणि वरातीत प्रांजली. पाठीवर गिटार, हातात बंद पडलेला अँप्लिफायर, पुढं डीजेची गाडी. स्पीकरची अख्खी भिंतच चाकांवर उभी केलेली. नवरदेव घामानं निथळत होता, घोडं कावरंबावरं झालं होतं, आणि नवरदेवाचे मित्र असे बेभान नाचत होते, जणू जन्मात पुन्हा रस्ता मिळणार नाही.

गाडीच्या मागं मिक्सरजवळ एक पोरगा उभा होता. काळा टी-शर्ट, कानामागं खोचलेला टेस्टर. प्रांजली त्याच्या कानाशी जाऊन ओरडली, "भाऊ, वाट द्या जरा."

तो गोड हसला. मान डोलावली. आणि आवाज वाढवला.

प्रांजलीच्या छातीचा पिंजरा हलला. ती दुसऱ्यांदा सांगत बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं खाली वाकून सगळ्यात जाड दिसणारी वायर धरली आणि ओढली.

मस्तगडला एवढी शांतता कित्येक वर्षांत मिळाली नसेल. नाचणाऱ्यांचे हात हवेतच राहिले. नवरदेवानं तेवढ्यात श्वास घेऊन घेतला.

"मॅडम," तो पोरगा हळूच म्हणाला, "ती मेन वायर होती."

"म्हणूनच ओढली."

"मी तर तुमचं ऐकून वाढवला. वाट द्या म्हणलात ना?"

"वाट म्हंजे रस्ता."

"आमच्या धंद्यात वाट म्हंजे वॅट. मला वाटलं, पोरगी दर्दी दिसती… अजून मागून राह्यली."

प्रांजलीला हसू आलं आणि आल्याचा रागही आला. तेवढ्यात त्याची नजर तिच्या हातातल्या डब्यावर गेली. "हे काय, बंद पडलं का? दुकानावर आणा. बिरोबा साऊंड, पुढच्या गल्लीत. गोरक्षनाथ नाव माझं. गोरख म्हणलं तरी चालतं." मग वायर परत खोचता खोचता, "तुम्ही काही न म्हणता ओढलं तरी चालतं म्हणा."

ती दुसऱ्या दिवशी गेली. डब्यासाठी गेली, असं ती स्वतःला वाटभर सांगत होती.

प्रांजली मूळची पिंपळगाव रेणुकाईची. जालन्यात बियाणे कंपनीत बी उगवतं का नाही ते तपासायची, खोली करून राहायची, आणि सुट्टीच्या दिवशी वंदनाबरोबर वाजवायची. वंदना नर्सिंग शिकत होती. पेशंटशी ती फार हळुवार वागते म्हणे, ड्रमवर मात्र अशी तुटून पडायची की काठ्या मोडायच्या. दोघींचंच पथक. दोघी वाजवायच्या ते जड, खर्जातलं, दात-ओठ खाऊन वाजवायचं संगीत. या शहरात लोखंडाचे कारखाने दिवसभर खणाणलेले चालतात, वरातीत भिंती हादरलेल्या चालतात. पोरीनं गिटार जोरात वाजवली की मात्र सगळ्यांचे कान एकदम नाजूक होतात.

गणपतीत एका मंडळासमोर त्या वाजवायला उभ्या राहिल्या आणि प्रांजलीची गिटार कुणाला ऐकूच आली नाही. दहा वॅटचा तो डबा वंदनाच्या ड्रमखाली चिरडला गेला. पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, "पोरगी नुसते हात हलवून राह्यली." लोक हसले. ते हसू अजून प्रांजलीच्या कानात होतं. वंदनानं तर सरळ सांगितलं होतं, "अंबड रोडच्या मंगल कार्यालयात आता कार्यक्रम आहे. यावेळी ऐकू नाही आलीस तर मी बँजो पार्टीत चालले. तिथं निदान लोकांना कळतं तरी, वाजून राह्यलंय ते."

हे सगळं प्रांजलीनं गोरखला दुकानाच्या पायरीवर बसून सांगितलं. एवढं सांगायचं काही कारण नव्हतं. तो ऐकत होता, हेच कारण.

"मंग सोपंय की," तो म्हणाला, "दोन हजार वॅटचं मशीन देतो. कार्यालयाचे पत्रे उडतील."

"गिटार अशी डीजेला लावत नसतात."

"का? गिटार काय सोवळ्यात हाय का?"

"मला शंभर वॅटचा व्हॉल्वचा पाह्यजे, जुन्या रेडिओत काचेच्या नळ्या असायच्या तसला. जड वाजवणारे सगळे शंभरच वापरतात."

गोरखनं दुकानाच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथं एका जुन्या ऑर्केस्ट्राचा अँप्लिफायर पडला होता, धूळ खात. त्याच्यावर गोरखचा जेवणाचा डबा ठेवलेला. "व्हॉल्वचा हाय. पण पन्नास वॅट."

"पन्नास? मला निम्म्यात भागवायचं न्हाई."

"एक विचारू? रागवू नका." तो तिच्याकडं न बघता डबा उचलत म्हणाला. "शंभर म्हंजे पन्नासच्या डबल आवाज का?"

तिला बरोबर माहीत होतं. वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, थोडासाच चढतो, कानाला जेमतेम कळेल एवढा. कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. हे तिनं रात्ररात्र वाचलं होतं. हो म्हणावंसं वाटलं, पण खोटं तिला बोलता येत नसे, हीच तिची मोठी अडचण होती.

"न्हाई," ती म्हणाली.

"मंग शंभर कोणासाठी? कानासाठी का रागासाठी?"

असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आई विचारायची, हे वाजवून काय मिळतं. कंपनीतले विचारायचे, त्यापेक्षा भावगीत का नाही म्हणत. रागाबद्दल कुणी विचारलं नव्हतं… आणि याच्या आवाजात तर टिंगलही नव्हती.

"रागासाठी," ती म्हणाली.

"बराबर. मंग राग पन्नासात बसतो का, बघू."

शहराबाहेर ओळखीच्या कापूस जिनिंगचं एक रिकामं गोडाऊन होतं. रविवारी सकाळी गोरखनं छोटा हत्ती टेम्पो भरून तिथं सगळं सामान नेलं. वंदना ड्रम मांडून बसली आणि त्याला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "हाच का तो, वायरवाला?"

"वायर ह्यांनी ओढली," गोरख म्हणाला. "मी फक्त ओढला गेलो."

वंदनानं प्रांजलीकडं बघितलं. प्रांजली सूर लावण्यात फारच गढून गेली.

आधी दोन हजार वॅटची पाळी. गोरखनं ऐटीत बटण दाबलं, प्रांजलीनं खर्जाच्या तारेवर हात मारला, आणि डब्यात कोंडलेल्या गांधीलमाश्या उठाव्यात तसा आवाज आला. जोर होता, अंग नव्हतं. वंदनानं कानांवर हात ठेवले.

"ह्याला कुणी मारून राह्यलं का काय?" गोरखनं स्वतःच मशीन बंद केलं. "हरलो. पुढं."

मग त्यानं तो जुना पन्नास वॅटचा उभा केला. खाली मोठ्या स्पीकरची पेटी. पाठीमागच्या जाळीतून व्हॉल्व हळूहळू लाल-केशरी झाले, देवघरात समया लावल्यासारखे. "तापू द्या," तो कुजबुजला. कुजबुजायची काही गरज नव्हती.

आवाजाचं बटण निम्म्यावर नेऊन प्रांजलीनं हात मारला.

तो आवाज कानात आलाच नाही. तो पोटात आला, पायांत आला, गोडाऊनच्या पत्र्यात शिरला. पत्र्याखाली वर्षानुवर्षं अडकून बसलेला कापूस सुटला आणि वरून तंतू पडायला लागले… पांढरे, हलके, सावकाश. वंदनानं ड्रम धरला, पूर्ण ताकदीनं. आणि ड्रमच्या वरून, ड्रमच्या आतून, गिटार ऐकू येत होती. एकेक ठोका सुटा, एकेक ठोका जड.

प्रांजली थांबली तेव्हा गोरख समोर उभा होता. त्यानं तिच्या केसांतला एक कापसाचा तंतू उचलला. मग दुसरा. मग कापूस नव्हता तिथंही त्याची बोटं थोडी घुटमळली.

"बसला का?" त्यानं विचारलं.

"काय?"

"राग. पन्नासात."

"बसला," ती म्हणाली. "जागा उरली वर."

"त्या जागेत काय ठेवणार?"

"तुम्ही लई प्रश्न विचारता."

"'तुम्ही' म्हणणं बंद करा, मंग एक कमी विचारतो."

"तू लई प्रश्न विचारतो," प्रांजली म्हणाली, आणि वंदना ड्रमवरून ओरडली, "मी बाहेर जाऊ का इथंच बसू, तेवढं सांगा."

कार्यक्रम पुढच्या रविवारी होता. आदल्या दिवशी तालमीत एक व्हॉल्व फुसकन विझला. जालन्यात तो मिळेना. गोरख म्हणाला, संभाजीनगरला एक जुने रेडिओवाले आहेत, त्यांच्याकडं हमखास असणार, सकाळी जातो आणि वेळेत अँप घेऊन सरळ कार्यालयात येतो. जाताना तो गाडीच्या दारात उगाच रेंगाळला. काहीतरी बोलणार होता. बोलला ते असं, "तारा नव्या लाव."

रविवारी कार्यालय भरलं. संयोजक म्हणजे पांढऱ्या बुटातला एक गृहस्थ होता, मुलींचं पथक ठेवून आपण समाजसुधारणा केली अशा तोऱ्यातला. "अँप्लिफायर आमच्याकडं आहे," तो म्हणाला आणि स्टेजवरच्या एका चकचकीत नव्या डब्याकडं हात केला. प्रांजलीनं तो लावून बघितला. किरकिरा, पोकळ, ठोका पडला की भुसभुशीत होणारा. वंदनाच्या पहिल्या फटक्यात याचं पीठ होणार होतं. गोरखचा पत्ता नव्हता. फोन लागत नव्हता.

मग मेसेज आला. गोरख मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचा, सगळे लिहितात तसंच. दोनच शब्द. पहिला डब्ल्यू, ए, टी. दुसरा 'बघ'.

वॅट बघ.

प्रांजलीनं डब्याच्या मागची पट्टी बघितली. शंभर वॅट. म्हणजे गोरखला कळलंय, इथं शंभराचा आहे. म्हणजे हा म्हणतोय, तोच वापर, मला येता येत नाही. हाच का तो, ज्यानं विचारलं होतं, कानासाठी का रागासाठी? दातावर दात दाबून तिनं उत्तर टाइप केलं: बघितलं. पुरे.

तिकडं, संभाजीनगरच्या रस्त्यावर बदनापूरजवळ, ट्रकच्या रांगेत अडकलेल्या गोरखनं ते वाचलं. शेजारच्या सीटवर पट्ट्यानं बांधलेला अँप, नवा व्हॉल्व लावलेला. त्यानं लिहिलं होतं, वाट बघ. तिचं उत्तर होतं, बघितलं, पुरे. त्यानं फोन उलटा ठेवला. रांग हलली तरी त्याचा हात गिअरवर जाईना, मागच्या ट्रकवाल्यानं त्याच्या आईचा उद्धार केला तेव्हा कुठं गाडी पुढं गेली.

स्टेजमागं वंदनानं प्रांजलीचं तोंड बघून फोन हिसकावला. मेसेज मोठ्यानं वाचला. "वाट बघ. मंग? बघ ना. तोंड का सुतकी?"

"वॅट बघ म्हणतोय तो."

"अगं बये, वॅट कशाला बघायला सांगेल, लगीन लावायचंय का वॅटशी? वाट बघ. वाट. येतोय तो."

प्रांजलीनं फोन परत घेतला आणि स्वतःचं उत्तर त्याच्या डोळ्यांनी वाचलं. तिच्या कानशिलांवर आग चढली. तिनं फोन लावला… बंद. लावला… बंद. बॅटरी तरी गेली असणार, नाहीतर तो तरी गेला. परस्पर दुकानावर.

"चला चला, ताई, वेळ झाली," संयोजक म्हणाला. "डबा तोच वापरा. नाहीतर मी पुढचं पथक लावतो. लोकांना काय, तुमचं आणि त्यांचं सारखंच."

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

प्रांजली स्टेजवर गेली. गिटार गळ्यात, वायर कशालाच लावलेली नाही. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली, कुणीतरी हसलंही. आता हात हलवून वाजवलं तर वंदना जाणार. खाली उतरली तर सगळंच जाणार. तिनं माइक ओढला. कार्यालयाची सगळी यंत्रणा त्या माइकला जोडलेली होती.

"थांबावं लागंल," ती म्हणाली. "ह्या डब्यावर मी वाजवणार न्हाई. मागच्या वेळी वाजवलं, तुम्ही हसलात. आता हसायचं आसंल तर ऐकून हसा. जरा दम धरा." आणि मग, घाईत, काही न ठरवता, "माझा माणूस येतोय."

सगळं कार्यालय गार.

पिंपळगावात काय, अख्ख्या जिल्ह्यात काय, बाई 'माझा माणूस' कुणाला म्हणते हे तिथं कुणालाच समजावायची गरज नव्हती. मागच्या खुर्च्यांवरून एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "लग्न कधी झालं हिचं?" वंदनानं ड्रमची काठी दातात धरली, नाहीतर तिचं हसू बाहेर सांडलं असतं.

आणि कार्यालयाच्या मागच्या दारात गोरख उभा होता. दोन्ही हातांत तो जड अँप, कपाळावरून घाम, शर्टाला ग्रीस. 'पुरे' वाचूनही तो आला होता. निदान सामान पोचवावं म्हणून आला होता. आता तो तिथंच खिळला होता आणि अँप खाली ठेवायचंही विसरला होता.

लोकांनी माना वळवल्या. कुणीतरी शिट्टी मारली.

तो मधल्या वाटेनं चालत स्टेजवर आला. स्टेजवरची स्पीकरची पेटी जोडली, वायर खोचली, गुडघ्यावर बसून व्हॉल्व तापायची वाट बघत राहिला. तिच्याकडं न बघता म्हणाला, "काय म्हणलीस आत्ता?"

"सामान म्हणलं. माझं सामान येतंय."

"सामान?"

"हो."

"आख्ख्या कार्यालयानं माणूस ऐकलंय."

"मंग ऐकलं आसंल." तिनं गिटारचं बटण पूर्ण उघडलं. ओठ दाबून ठेवले होते, डोळे मात्र काही केल्या दबेनात. "तू काय ऐकलं?"

गोरखनं आवाजाचं बटण निम्म्यावर नेलं. जरा विचार केला, आणि अजून थोडं पुढं नेलं.

"बराबर ऐकलं," तो म्हणाला. "वाजव आता."

तिनं हात मारला. पुढच्या रांगेतला पांढऱ्या बुटातला गृहस्थ खुर्चीसकट मागं सरकला, म्हाताऱ्या बाईनं पदर सावरला, आणि मागून वंदना तुटून पडली. कुणीच हसलं नाही. गोरख स्टेजच्या कडेला पाय सोडून बसला, आणि पहिलं गाणं संपेपर्यंत त्यानं मिक्सरकडं एकदाही बघितलं नाही.