साखळीपर्यंत सात पावलं

*थांबा चौथा : दरीवरचा सज्जा. सात मिनिटं. फोटो काढता येतात.*

माणूस पडला तेव्हा टाळ्या वाजल्या.

अठरा पर्यटक होते. त्यांच्याकडे तोंड करून वाटाड्या एव्हारिस्तो उलटा चालत होता, तोरेसाल गावच्या गल्ल्यांतून तीस वर्षं चालायचा तसाच. सज्ज्यावर त्यानं रोजची गोष्ट सुरू केली. प्रियकर आला नाही म्हणून दरीत उडी घेणारी, जुन्या मुसलमानी राजवटीतली मूर नवरी. एका वाक्याला एक पाऊल मागं. सातव्या पावलाला पोटऱ्यांना साखळी लागायची, तो हात पसरून झोकांडी खायचा, बायका किंचाळायच्या, मग हशा.

ईस्टरनंतरच्या त्या मंगळवारी साखळी नव्हती. तिचे दोन खांबही नव्हते. टाळ्या थांबायला बराच वेळ लागला.

पोलीस अधिकारी कासिल्दा मोरेदा खाली वाकली. फरसबंदीवर मिरवणुकीच्या मेणाचे काळपट थेंब होते. खांबांच्या दोन्ही खोबणींत मात्र मेण हिरवं होतं. काठोकाठ.

खांब आणि साखळी तिथंच भिंतीआड पडली होती. खांब उपसायला दोन हात पुरतात.

*थांबा पहिला : नगरपालिका. आत प्रवेश नाही.*

कोठडी तळघरात होती. नगरपालिकेचा कामगार फुल्हेन्सिओ बाकावर बसला होता. ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात मिरवणुकीतले मूर्तीचे चौथरे गल्लीतून जावेत म्हणून खांब तोच काढायचा, तोच परत लावायचा. तो पितो, हे गावाला ठाऊक होतं. लावायचे विसरला, हे गावानं ठरवून टाकलं होतं.

"सोमवारी लावले का?" कासिल्दानं विचारलं.

"लावले, बाई. खोबणीतलं मेण खरवडून लावले."

"कुणी पाहिलं?"

"सोमवारी गाव झोपलेलं असतं."

त्याआधीच्या आठवड्याचा हिशेब त्यानं सांगितला. रविवारी खांब काढले. बुधवारी पाऊस आला, तेव्हा बाजारात भुसा टाकत होता. शुक्रवारी प्यायला. सांगता सांगता त्याचा स्वतःवरचा विश्वास उडत गेला. शेवटी म्हणाला, विसरलोही असेन. कासिल्दानं कागद पुढं केला. त्यानं सही केली.

*थांबा दुसरा : बाजार. खरेदीला वेळ.*

आइस्क्रीमवाल्या निकानोरच्या गाडीवर त्याचा मिरवणुकीचा हिरवा झगा टांगला होता. आठवडा झाला तरी ओला वास जात नाही, अशी त्याची कुरकुर. एव्हारिस्तोशी त्याचं जुनं भांडण होतं आणि तो ते लपवत नव्हता. कसली मूर नवरी, तो म्हणाला. बावीस वर्षांपूर्वीची मुलगी ती, पावाच्या दुकानात होती. आम्ही सगळे ओळखायचो आणि सगळे हसायचो.

"तुम्हीसुद्धा?"

"हसणाऱ्यांनाच तहान लागते, बाईसाहेब, आणि मग माझी गाडी चालते."

*थांबा तिसरा : बुधवारची मिरवणूक काढणाऱ्या बंधुमंडळाचं चर्च. शांतता राखा.*

साग्रारिओ लुके एव्हारिस्तोच्या हाताखाली शिकलेली वाटाडी. निकानोरसारखी तीही याच मंडळाची. कासिल्दानं बाकावर तिच्याशेजारी बसून फुल्हेन्सिओचा कबुलीजबाब दाखवला. साग्रारिओचे खांदे सैल झाले.

"बिचारा. दारूनं घात केला."

"बुधवारच्या मिरवणुकीत होता तुम्ही?"

"दर वर्षी असते. झगा, टोकदार बुरखा, हातात मेणबत्ती."

"सज्ज्यावर खांब नव्हते तेव्हा?"

"नव्हतेच. अर्धा तास तिथं उभे होतो आम्ही. मेण हातावर ओघळत होतं, खाली सांडत होतं."

"हे लिहून द्याल?"

तिनं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.

*थांबा चौथा, पुन्हा.*

शुक्रवारी सकाळी कासिल्दानं तिला सज्ज्यावर आणलं.

"या गल्लीतून दोनच मंडळं जातात," कासिल्दा म्हणाली. "बुधवारचं हिरव्या मेणाचं, शुक्रवारचं काळ्या. फरशीवर हिरवा एक थेंब नाही आणि खोबणी हिरव्यानं भरलेली. खांब कधी लावलेच नव्हते असं दिसावं, म्हणून कुणीतरी ते ओतलं. म्हणजे ते लावलेले होते."

"हिरव्या मेणबत्त्या चारशे घरांत आहेत."

"हो. त्या चारशेंना ठाऊक आहे की बुधवारी पाऊस आला आणि मूर्ती बाजारातूनच माघारी फिरली. इथं कुणी आलंच नाही."

साग्रारिओनं खोबणीकडं पाहिलं.

"तुम्ही कुठं होता? बुरख्याआड कोण आहे हे कुणाला कळत नाही. परत आल्यावर पावसाची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नाही, कारण तुम्ही भिजलाच आहात असं सगळे धरून चालले. आणि तुम्हाला विचारता येईना."

"कादिसला. दुसऱ्या बाईच्या नवऱ्याबरोबर," साग्रारिओ म्हणाली. मग दरीकडं न बघता, "पावाच्या दुकानातली आंपारो माझी थोरली बहीण. तिच्या उडीवर तो रोज दोनदा हशा घ्यायचा. मला म्हणाला, तूही शिकून घे, हातखंडा गोष्ट आहे. मी शिकले. सात पावलं."

"मंगळवारी सकाळी काढले खांब?"

"पाव आणायला निघाले तेव्हा."

*थांबा पहिला, पुन्हा.*

कोठडीच्या दारात एक पिशवी होती. फुल्हेन्सिओच्या बायकोनं त्याचे कपडे पाठवले होते, सगळे, हिवाळ्याचेसुद्धा. मूर्तीचा चौथरा खांद्यावर वाहणाऱ्यांनी यादीतून त्याचं नाव खोडलं होतं. तेहतीस वर्षांचं.

कासिल्दानं दार उघडलं आणि सगळं सांगितलं.

त्यानं नीट ऐकून घेतलं. "तुम्हाला कधी कळलं, मी विसरलो नव्हतो ते?"

"मंगळवारी. मेण पाहिलं तेव्हाच."

"आज शुक्रवार."

"गाव तुम्हाला शिव्या देण्यात गुंतलं होतं, म्हणून बुधवारच्या पावसाबद्दल कुणी बोलत नव्हतं. आणि तुमची सही पाहूनच ती मोकळी झाली. तुम्हाला आधी सोडलं असतं, तर ती हातची गेली असती."

फुल्हेन्सिओनं पिशवी मांडीवर घेतली. वरचा स्वेटर काढून पाहिला, परत घडी घातली.

"जा," कासिल्दा म्हणाली. "मोकळे आहात."

तो बाकावरून उठला नाही.

"रात्रीचं जेवण किती वाजता येतं इथं?" त्यानं विचारलं.