काचेतला कॅमेरा

"शिकाऊ माणसासाठी कॅमेरा हवाय. आजच!"

"शिकाऊ कोण?"

"मीच. दिसत नाही का?"

तो हसला. कॅमेऱ्याच्या दुकानातला विक्रेता इतका छान हसतो, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी केस तरी विंचरून गेले असते! गडबडून मी सगळ्यांत लांबलचक लेन्सकडे बोट दाखवलं.

"पक्षी टिपायचेत?"

"आई..." मी बोट खाली घेतलं. "अंथरुणावर आहे. डॉक्टरांनी हात टेकलेत. आणि तिचा एक धड फोटो नाही आमच्याकडे."

त्याने ती लेन्स मागे ठेवली. "खोली केवढी?"

"पलंग नि एक खुर्ची."

"मग ही छोटी घ्या, कमी उजेडातही चालते. फ्लॅश नको, त्यांच्या डोळ्यांना त्रास होईल. स्टँडही नको, अडखळाल."

"सारखं नको-नकोच म्हणताय. मालक काढून टाकेल तुम्हाला."

"टाकू दे. तुम्हाला फोटो काढायला शिकवीन."

नवा कॅमेरा शिल्लक नव्हता, म्हणून त्याने काचेतला, गिऱ्हाइकांना दाखवायचा, तोच दिला. पट्टा गळ्यात अडकवताना त्याची बोटं माझ्या मानेला लागली... आणि आम्ही दोघंही उगाचच कॅमेऱ्याकडे बघत राहिलो.

दिवसभर मी आईचे फोटो काढले. "पुरे गं," ती म्हणायची, "काय उरलंय माझ्यात बघण्यासारखं?" मग मी तिला त्या विक्रेत्याबद्दल सांगितलं. आई हसली, अगदी आजारपणाच्या आधी हसायची तशी. क्लिक! फोटो पडद्यावर क्षणभर दिसला. मला वाटलं, आला आत.

दोन दिवसांनी आई गेली.

फोटो छापून घ्यायला गेले, तर त्याने कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आत मेमरी कार्डच नव्हतं.

"बिघडला असेल," मालक आतून म्हणाले. "कंपनीकडे पाठवू."

"बिघडलेला नाही," तो म्हणाला. "गिऱ्हाइकांना हाताळता यावा म्हणून दाखवायचा कॅमेरा आम्ही कार्डाशिवाय चालेल असा ठेवतो. त्यात फोटो नुसता दिसतो, राहत नाही. देताना मी ते सेटिंग बदललं नाही. कार्डही घातलं नाही. चूक माझी आहे."

एकही फोटो नाही. एकही! मी कॅमेरा तिथेच टाकून बाहेर आले. त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटत होती.

तो मागोमाग पायरीपर्यंत आला. "त्या दिवशी तुमच्याशी बोलताना... माझं भान सुटलं. आवडलात तुम्ही. हे आत्ता सांगू नये, कळतं मला. पण खोटं कारण देववत नाही. जातो मी आत—"

"जातोस कुठे?" मी ओरडले. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. बघू देत! "आई तुझ्याबद्दल ऐकून हसली होती, कळलं? कशी हसली ते फक्त मी पाहिलंय. मी विसरले तर? बस इथे. सगळं ऐकायचं आणि लक्षात ठेवायचं."

तो बसला. मी तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. तो उठून गेला नाही. मग मी सांगायला सुरुवात केली.