नुसत्या रंगाचं चित्र

बोरगावची बस चुकली, म्हणून करुणा उन्हातून समोरच्या वाचनालयात शिरली. तहसिलातलं काम आटोपून निघालेली ती... पंख्याखाली दहा मिनिटं बसावं, एवढाच विचार. आत स्थानिक चित्रकारांची चित्रं मांडलेली होती. देवळं, बैलजोड्या, आणि शेवटच्या भिंतीवर माणसाहून उंच असं एक... काय म्हणावं त्याला? खाली गडद, वाळत आलेल्या रक्तासारखा लाल. वर केशरी. दोन्ही जिथं भेटत, तिथली कड धुकट. बस्स. ना झाड, ना माणूस.

"यात तर काहीच नाही," ती स्वतःशीच पुटपुटली.

"मग पंधरा मिनिटांपासून काय पाहून राहिल्या?"

मागे स्टुलावर एक सावळा, चष्मेवाला तरुण बसला होता. करुणा हसायला गेली... आणि तिचे डोळे भरून आले. हिवाळ्यात बाबा गेले, तेव्हा पाहुण्यांचा चहा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, आईची औषधं, सगळं तिनंच पाहिलं होतं. डोळ्यांत टिपूस नव्हता. आणि आज, या नुसत्या रंगासमोर—

त्यानं स्टूल तिच्याजवळ सरकवलं आणि स्वतः पाठ फिरवून खिडकीशी उभा राहिला. अशी पाठ फिरवणं किती मायेचं असू शकतं, हे तिला तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम आली.

"आज बस वेळेवर होती ना?" त्यानं विचारलं.

"होती... सोडून दिली."

"चित्रासाठी?"

"तुम्हाले काय वाटते?" म्हणून ती गालात हसली. तो पांढुर्ण्याचा, नाव गौतम, एवढं तिला कळलं. ती मात्र त्याला सगळं सांगून बसली. बाबा, त्यांची शेवटची रात्र, आपलं न रडणं.

"ज्यानं हे चित्र काढलं, त्याच्याही घरचं कोणी गेलं असेल," ती म्हणाली. गौतम चष्मा काढून पुसू लागला.

चौथ्या दिवशी वाचनालयाच्या सरलाताईंनी हाक दिली, "गौतम, तुझं मोठं चित्र उतरवायचं काय रे?"

करुणाचा चेहरा उतरला. "तुमचं? मी माझं मन मोकळं करून राहिली, अन् तुम्ही मजा पाहून राहिले?"

ती तडक स्टँडवर आली. गौतम धापा टाकत मागोमाग.

"ऐका तरी... सगळे विचारतात, हे काय काढलं बाप्पा? हसतात. तुम्ही हसल्या नाही. माझं म्हटलं असतं, तर तुम्ही चित्र सोडून माझ्याकडे पाहिलं असतं." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "मागच्या साली माझी आई गेली. मलेही रडता आलं नाही. रंगच लावत बसलो."

बस लागली होती. करुणा एक पाय पायरीवर ठेवून उभी राहिली.

"माझी आईही रडली नाही अजून," ती हळूच म्हणाली. "तिले दाखवाल?"

रविवारी ते चित्र मालवाहू ऑटोतून बोरगावला आलं. करुणाच्या आईनं, इंदूबाईंनी, ते भिंतीशी टेकवलेलं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पदर तोंडाशी घेऊन त्या खाली बसल्या, आणि सहा महिन्यांचं साचलेलं हुंदक्यांतून वाहून गेलं. करुणा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. निवल्यावर त्या गौतमला म्हणाल्या, "बस बाबू. जेवूनच जाजो."

जेवण झाल्यावर अंगणात तो घुटमळला. "चित्र... ठेवून जाऊ काय?"

करुणानं मान खाली घातली. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"चित्र नेलं तरी चालते," ती म्हणाली. "तुम्ही राहा."