माळोबाच्या डब्यातली सकाळ

जुईलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. चंद्रावरच्या वसाहतीत तिने हौसेने मेथी पेरली आणि जवळजवळ सगळी वाळून गेली! एकच ओळ तेवढी मान टाकून तग धरून होती. पाणी घालायचं काम माळोबा नावाच्या यंत्रमानवाचं. तो भरली टाकी पोटाशी धरून ढिम्म उभा. एरवीही घुम्याच मेला, तिला कधी हाक मारील तर शपथ!

याला मोडीत काढा, म्हणून तिने आबांपुढे पाय आपटले. तिचे हे आजोबा यंत्रांच्या भाषा बनवायचे. त्यांनी माळोबाची आज्ञावली (यंत्राने करायच्या कामांची मांडणी) पडद्यावर उघडली:

(जर (उगवला सूर्य) (घाल पाणी मेथीला))

जुईली बघतच राहिली. चंद्रावर सूर्य उगवतो साधारण महिन्यातून एकदा! पृथ्वीवर बसून अशा आज्ञा लिहिणाऱ्या, उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा तिला असा संताप आला की माळोबावरचा राग तिकडेच वळला. त्यांच्याकडून दुरुस्ती येईपर्यंत मेथीचा पाचोळा होणार होता.

"त्यांची वाट कशाला बघतेस? माळोबालाच सांग," आबा म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. बहुतेक भाषांत आज्ञा म्हणजे अक्षरांची लांबच लांब माळ. यंत्र ती पाळतं, पण स्वतः उसवून बघणं त्याला महाकठीण. या भाषेत मात्र प्रत्येक कंस म्हणजे एक डबा. डब्यात पहिलं काम, मग ते कोणाचं, आणि डब्यात आणखी डबे. माळोबा रोपांची माहिती अशाच डब्यांत ठेवतो, रोज उघडतो, बदलतो. त्याच्या आज्ञाही तसलेच डबे! म्हणजे आज्ञा हीच विदा (साठवलेली माहिती). जे हात रोपांचे डबे उघडतात, तेच आज्ञांचेही उघडतील.

जुईलीने दरडावून सांगितलं, "जिथे जिथे (उगवला सूर्य) असेल, तिथे (सुकली माती) ठेव."

माळोबाने डबा बदलला. फवारा सुरू झाला, माती काळी पडली. मग तो थबकला.

"आणखी एक डबा सापडला. (जर (उगवला सूर्य) (मार हाक जुईलीला)). इथेही सुकली माती ठेवू?"

इतके दिवस जुईलीने त्याला घुम्या म्हणून हिणवलं, आणि तो बिचारा सकाळ व्हायची वाट बघत होता! त्या शहाण्यांवरची चीड आता तर दुप्पट झाली. मोठी झाले की इथल्या यंत्रांच्या आज्ञा मीच लिहिणार, तिने आबांना बजावलं.

"तिथे (जागी जुईली) ठेव," ती म्हणाली.

वसाहतीच्या घड्याळात भर दुपार होती. माळोबाने मान वळवली.

"जुईली, उठलीस का गं?"