आडवी रेघ

दवाखान्यातला वजनकाटा बिघडला म्हणून काटेवाल्याला बोलावलं होतं. काम संपवून तो स्वतःच काट्यावर उभा राहिला.

"डॉक्टर, तुमच्या प्रत्येक पेशंटचं दोन किलो वजन मी आत्ता उतरवलं. औषधाविना."

मी हसून वर पाहिलं... आणि पाहतच राहिले. डोळे छान होते. पण पापण्यांवर, नाकाच्या बाजूला, बारीक पिवळसर ठिपके होते. रक्तात चरबी फार असली की असे ठिपके दिसू शकतात.

"वडील कसे आहेत?"

"ओळख व्हायच्या आत थेट वडिलांची चौकशी?" मग त्याचा आवाज उतरला. "नाहीत. बेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅक."

मी त्याला खुर्चीत बसवलं आणि कागदावर त्याचं घराणं मांडलं. आम्हा डॉक्टरांच्या आकृतीत पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, लग्न म्हणजे दोघांमधली आडवी रेघ. आजारी माणूस काळा करायचा. वडील काळे केले.

"मामाही हृदयानंच गेले," तो म्हणाला. मामाही काळा केला.

"आणि तुमच्या चौकोनाशेजारी?"

"रिकामंच राहू दे. आईचे हाल पाहिलेत मी. तसं दुसऱ्या कुणाच्या वाट्याला नको."

"मग जनुकांची तपासणी करून घ्या. वडिलांचा दोष तुमच्यात आलाय का ते कळेल. आला असेल तर गोळ्या लगेच सुरू करता येतात. वडिलांना हे वेळेवर सांगणारं कुणी भेटलं नाही."

 त्यानं रक्त द्यायला बाही वर केली.

रिपोर्टला तीन आठवडे लागणार होते. तेवढ्या दिवसांत तो चारदा 'काटा बघून' गेला. काट्याला काहीही झालं नव्हतं. मी मात्र त्याच्या येण्याच्या वेळी केस नीट करू लागले होते, हे कबूल करते. चौथ्या वेळी तो दारातच थबकला.

"रिपोर्ट चांगला आला ना, तर... एकीला काहीतरी विचारायचंय."

रिपोर्ट चांगला आला नाही. दोष होता. मी त्याला गोळ्या, खाणं, दर वर्षीच्या तपासण्या, सगळं समजावलं. वेळेत कळलंय, आवरता येतं, हेही दोनदा सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं.

"म्हणजे विचारायचं राहिलं," तो म्हणाला.

 काहीतरी बोलायचं म्हणून मी तो कागद पुढे ओढला. "मामांचं वय राहिलंय लिहायचं."

"एक्क्याऐंशी. शेजारी राहायचे. अख्खी गल्ली त्यांना मामाच म्हणायची."

शेजारचे मामा! 'आईचे सख्खे भाऊ ना?' एवढंही मी विचारलं नव्हतं. डोळ्यांत बघत बसल्यावर दुसरं काय होणार? मी खोडरबरानं मामांना घराण्यातून बाहेर काढलं. पेन्सिल हातातच होती.

"तुमची फाईल उद्यापासून आमच्या मोठ्या डॉक्टरबाईंकडे जाईल," मी म्हटलं.

"का? माझं काही चुकलं?"

"नात्यातल्या माणसाची फाईल मी ठेवत नाही."

तो कागदाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "नातं... रक्ताचं, की मामांसारखं?"

मी त्याच्या चौकोनाशेजारी एक गोल काढला. पेन्सिल त्याच्या हातात दिली.

त्यानं आडवी रेघ ओढली. ती थोडी वाकडी आली.