कापूस वेचणारा हात

“मॅडम, आमच्या शाळेतला यंत्राचा हात कोणीतरी बिघडवला! परीक्षक हैदराबादहून येऊन बसलेत. तुम्ही लगेच निघा.”

तेलंगणातल्या खडकधरीच्या मराठी शाळेचे हेडमास्तर सुधाकरराव फोनवर रडकुंडीला आले होते. पोलीस ठाण्यात एसआय मीनल यांनी चहा तसाच ठेवला आणि जीप काढायला सांगितली.

एरवी शाळेतल्या मोडतोडीसाठी पोलीस धावत नाहीत. पण त्या हाताचा बोलबाला बाजारहत्नूर मंडळभर, म्हणजे सगळ्या तालुक्यात, झाला होता. देशाचं शिक्षण बदलायचं, पोरांना उद्याच्या कामाला लायक करायचं, असं वर कुठेतरी ठरलं. त्यातलं या गावाच्या वाट्याला काय आलं? एक खोली, एक भलामोठा फलक आणि खोक्यात सुटा भरलेला यंत्राचा हात. शिकवणारा मास्तर तेवढा आला नाही. दहावीतल्या मयूरीनं मोबाइलवर बघून बघून तो हात जोडला आणि त्याला कापूस वेचायला शिकवलं.

आजवरचा सराव वाळक्या बोंडांवर झाला होता. जिवंत झाडावरचा कापूस तो हात आज परीक्षकांसमोर पहिल्यांदा वेचणार होता. जमलं, तर मयूरीला हैदराबादच्या संस्थेत फुकट शिक्षण आणि पुढे नोकरी. नाही जमलं, तर आईबरोबर दुसऱ्यांच्या वावरात वेचणीला. तिसरी वाट तिला नव्हती.

मीनल खोलीत शिरल्या. टेबलावर तो हात मान टाकून पडला होता. त्याच्या बुडाशी असलेली उघडी सर्किटची पाटी जळून काळी झाली होती. समोर तेलाच्या डब्यात लावलेलं कापसाचं झाड, बोंडं फुटून पांढरीशुभ्र. पानांवर पांढरे ठिपके होते. टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग वर चढत होती. जळकट वासाखाली दुसरा एक वास होता, आंबूस.

“कुलूप तोडलं होतं?”

“नाही,” सुधाकरराव म्हणाले.

“किल्ल्या कोणाकडे?”

“एक माझ्याकडे, एक बयनाबाईंकडे. मयूरीची आई. सकाळी शाळा झाडतात, मग वावरात मजुरीला जातात.”

“पाटीला वीज चालू होती?”

“रात्रभर. सकाळी वेळ जाऊ नये म्हणून मयूरीनंच चालू ठेवली होती.”

“झाडावर फवारणी केली?”

“आता? बोंडं फुटल्यावर कोण फवारतं, मॅडम?”

मीनल यांनी मान डोलावली. त्या स्वतः भाजीवाल्या माळ्याच्या घरातल्या, त्यांना हे ठाऊक होतं. त्यांनी एका पानावरचा ठिपका नखानं खरवडला आणि नाकाशी धरला.

व्हरांड्यात गावानं निकाल आधीच लावून टाकला होता. अर्ध्या लोकांचं बोट दुकानदाराच्या पियुषकडे होतं, कारण संस्थेच्या यादीत दुसरं नाव त्याचं, मयूरी बाद झाली की जागा त्याची. उरलेल्यांचं म्हणणं, वेचणाऱ्या बायांनीच हे केलं. यंत्र आलं तर मजुरी कोण देईल? आणि त्या बायांत बयनाबाई होतीच.

पियुष चिडला होता. “मी काऊन करू? तिच्यासंगं रोज बोंडं धरून मीच बसत होतो ना! कुलपाची किल्ली तरी हाये का माह्याकडे?”

बयनाबाईला वावरातून बोलावून आणलं होतं. कमरेला वेचणीची ओटी तशीच बांधलेली होती.

“मावशी, सकाळी खोलीत गेला होता?”

“गेली होती. झाडलं.”

“यंत्राला हात लावला?”

“नाई वो. पोरीची चीज, मी काऊन हात लावू?”

“बाया म्हणतात, या यंत्रानं मजुरी बुडेल.”

“म्हणू द्या. मी त्याइले सांगतलं, मजुरी गेली त जाऊ द्या, माह्या पोरीची कंबर त वाचंल.” ती हसली. मग एकदम गंभीर झाली. “ज्यानं केलं त्याले सोडू नोका, मॅडम. आज आमच्याकडंबी वेचणीचा पयला दिवस, अन् आजच असं व्हावं?”

वाईट करून आलेलं माणूस असं हसत नाही, हे मीनल यांना नोकरीनं शिकवलं होतं.

शेवटी मयूरी आली. विचारायच्या आधीच म्हणाली, “चूक माझी आहे, मॅडम. वायर उलटी लावली मी.”

“कोणती?”

“लाल.”

“कधी?”

“सकाळी. आई झाडून गेल्यावर, तिच्याकडून किल्ली घेऊन.”

मीनल यांनी वाकून बघितलं. लाल वायरीच्या स्क्रूवर धूळ जशीच्या तशी बसलेली होती. मयूरीच्या ओढणीचं टोक ओलं होतं आणि त्याला एक भाताचं शीत चिकटलं होतं. ती ते टोक मुठीत घट्ट धरून उभी होती.

ज्यांना ओळखायचं असेल त्यांनी इथंच ओळखावं. सगळं समोर मांडलं आहे.

मीनल यांना कळलं होतं. पण परीक्षक लॅपटॉपवर ‘विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा’ असा शेरा टाइप करत होते, आणि ते बघून मीनल यांच्या डोक्यात तिडीक गेली. ही पोरगी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय, आपण गप्प बसायचं? खरं कळलं तर तिला आणखी एक संधी मिळेल. याच भाबड्या आशेवर त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं.

“पियुषकडे किल्ली नव्हती, आणि मयूरी खोटं बोलतेय,” त्या म्हणाल्या. “लाल वायर कोणी हलवलेलीच नाही. पानांवरचे ठिपके औषधाचे नाहीत. ते दही आहे. मुंग्या त्यासाठीच चढताहेत. आपल्याकडे पहिल्या वेचणीआधी काय करतात?”

“सीतादही,” सुधाकरराव पुटपुटले.

“झाडाची पूजा करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, दही शिंपडायचं. त्याशिवाय बोंडाला हात लावायचा नाही. या खोलीतही आज पहिली वेचणी होती. वेचणारी बाई नसून यंत्र होतं, एवढाच फरक. कोणीतरी मनापासून सीतादही केली. यंत्राला बोटसुद्धा लावलं नाही, लांबूनच शिंपडलं. पण पाटी उघडी होती, वीज चालू होती. यात कोणाचा दुष्टावा नाही, आणि या मुलीची तर काहीच चूक नाही. साहेब, तिला दुसरी तारीख द्या.”

हे सगळं त्या परीक्षकांकडे बघून बोलल्या. बयनाबाईकडे त्यांनी बघितलंच नाही.

बयनाबाई मटकन खाली बसली. ओटीतला कापूस फरशीवर सांडला.

“म्या?” ती म्हणाली. “म्या केलं हे?”

तिनं झाडाच्या पानांवरचे ठिपके बघितले.

“म्या त म्हनलं, पोरीची पयली वेचणी हाये, देवीले रिकामं काऊन ठेवू…” ती रांगतच परीक्षकांपर्यंत गेली. “सायेब, माह्यावर केस करा. मले जेलात टाका. पण तिले घ्या. तिनं लई मेहनत केली, सायेब.”

परीक्षक दुष्ट नव्हते. ते खुर्चीवरून उठले, तिला उठवायला वाकले. “अम्मा, ऐसा मत करो. मैं क्या करूँ? सिस्टम में दो ही खाने हैं, चला या नहीं चला. आज शाम को लिस्ट बंद. नया पार्ट आने में हफ्ता लगेगा.”

शेरा तेवढा त्यांनी खोडला. जागा पियुषला गेली. तो बाहेर भिंतीकडे तोंड करून रडत होता.

मयूरीच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. ती मीनल यांच्यासमोर येऊन उभी राहिली. शाळेतली मराठी गळून पडली होती.

“मॅडम, मी आली तवा सगळीकडं दही होतं. हळदकुंकू, भात, सगळं म्या पुसलं. जागा त तवाच गेली होती. तिले कळू नये, एवढंच पायजे होतं मले. तुमाले कळलं त कळलं. सांगतलं काऊन?”

नोकरीत मीनल यांनी इतकी प्रकरणं उलगडली, पण उलगडल्याची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

मयूरी आईजवळ बसली. “चाल माय, घरी जाऊ,” म्हणत तिनं हात धरला. बयनाबाईनं तो सोडवून घेतला आणि आपले दोन्ही हात पदराखाली लपवले.

“नको धरू,” ती म्हणाली. “मले नको शिवू, बाई.”